खोलीवाल्यांचा फळा

आमच्या गावात अण्णांची गोष्ट अजून सांगतात. धरणावर पाहुणे येतात, त्यांना पिठलं-भाकरी वाढताना खोलीवाले सांगतात, की पूर्वी इथे एक म्हातारा होता, एसटीच्या थांब्यासमोर फळ्यावर बातम्या लिहायचा. एकदा फळा पुसला आणि लिहायलाच विसरला, तेव्हापासून त्याचं डोकं गेलं. पाहुणे हसतात. मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा मी त्या पंगतीत होतो आणि मीही हसलो. घरी परत आल्यापासून मला चैन नाही. लिहायला बसतो, उठतो, गॅलरीत जाऊन येतो, पुन्हा बसतो. ती गोष्ट खोटी आहे. अण्णा विसरले नव्हते. हे खोटं पहिल्यांदा मी सांगितलं, तेव्हा खरं काय तेही मीच सांगायला पाहिजे. पण आधी अण्णा कोण होते ते सांगतो. नाहीतर नुसता माझा कबुलीजबाब होईल आणि ते पुन्हा बाजूलाच राहतील.

आमचं गाव भंडारदऱ्याच्या धरणाला लागून. पूर्वी इथे साहेबलोक यायचे आणि सरकारी बंगल्यात उतरायचे. आमचा त्यांच्याशी संबंध कोंबड्या आणि अंडी पोचवण्यापुरता. मग सत्तरच्या आसपास मुंबई-नाशिकची साधी माणसंही येऊ लागली. कुणी रंधा धबधबा बघायला, कुणी कळसूबाईला, कुणी नुसतंच पाण्याकडे बघत बसायला. कुणीतरी घरातली पुढची खोली सारवून, दोन बाजा टाकून भाड्याने दिली. मग शेजाऱ्याने दिली. बघता बघता आम्ही सगळे खोलीवाले झालो. पण या धंद्यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. भाडं किती घ्यायचं, चहा त्यात धरायचा की वेगळा, काहीच नाही. ते सगळं अण्णांनी शिकवलं, आणि तेही कुणी न विचारता.

अण्णा इगतपुरीच्या स्टेशनावर तिकीट-खिडकीत होते. आमचं गाव त्यांची सासुरवाडी. रिटायर व्हायच्या आधीच बायको वारली, तरी ते तिच्या माहेरच्या रिकाम्या घरात येऊन राहिले. घर माझ्या घराला लागून, थांब्याच्या बरोबर समोर. मे महिन्यातसुद्धा अंगात रेल्वेचा काळा कोट, उजव्या कानावर खडूचा तुकडा. त्यांना बसलेलं मी फारसं पाहिलंच नाही. चहा उभ्याने, पेपर उभ्याने. बोलताना या पायावरून त्या पायावर. आमची ही म्हणायची, ‘‘अण्णांना खुर्ची दिली की ते खुर्चीभोवती फिरतात.’’

शाळेने टाकून दिलेला एक फळा त्यांनी घराच्या बाहेरच्या भिंतीवर ठोकला. वरच्या बाजूला तैलरंगाने लिहिलं, ‘खोलीवाल्यांसाठी’. खाली रोज सकाळी खडूने बातमी. आधी ओल्या फडक्याने फळा आरशासारखा पुसायचा, वाळू द्यायचा, मग लिहायचं. काही बातम्या मला अजून पाठ आहेत.

‘मुंबईवाले उशिरा उठतात. आंघोळीचे पाणी नऊपर्यंत गरम ठेवावे.’

‘लोणावळ्यास गादीचे वेगळे पैसे घेऊ लागले. आपण घेऊ नयेत. बोभाटा होतो.’

‘ट्रान्झिस्टर आणणारे वाढले. राजूरहून सेल आणून ठेवावेत.’

‘नवी जोडपी वाढली आहेत. त्यांच्या खोलीमागे कोंबड्या डालू नयेत.’

या शेवटच्या बातमीवर गाव आठवडाभर हसलं. थांब्यावरच्या टपरीचा चहावाला म्हणाला, ‘‘अण्णा, कोंबड्या न्हाई डालायच्या, मग काय जोडप्याच्या उशाला बशिवायच्या व्हय?’’

‘‘तुझ्याकडे बशीव. तुझा चहा पिऊन तशीही कुणाला झोप येत नाही.’’

ज्या दिवशी सांगण्यासारखं नसेल त्या दिवशी फळा पुसून कोरा ठेवायचे. ती एक पद्धतच पडली होती. कोरा फळा म्हणजे बाजार काल होता तसाच आज आहे, बिनघोर राहा. खोली बांधायची असो, पलंग घ्यायचे असोत, फळा बघितल्याशिवाय आमच्याकडे कुणी खिशात हात घालत नसे.

बातम्या आणायच्या त्यांच्या दोन तऱ्हा होत्या. एक म्हणजे परत निघालेल्या पाहुण्यांबरोबर एसटीत चढायचं. राजूरपर्यंत जायचं आणि मिळेल त्या गाडीने उलट यायचं. ‘‘खोलीत विचारलंस तर माणूस ‘फार छान’ म्हणणार,’’ ते मला सांगायचे. ‘‘गाडी सुटली की खरं बोलतो. मी जन्मभर गाडी सुटायच्या आधीचीच माणसं पाहिली. ती सगळी खोटं बोलतात. काय तर म्हणे, पोर पाच वर्षांचंच आहे!’’ भर गाडीत दांडीला धरून उभे राहायचे आणि कुणाच्याही बायकोला विचारायचे, ‘‘संडास कसा वाटला?’’ एकदा एका नवऱ्याने त्यांची कॉलर धरली. अण्णा शांतपणे म्हणाले, ‘‘म्हणजे वाईट होता.’’ दुसऱ्या दिवशी फळ्यावर दाराच्या कडीची बातमी होती.

दुसरी तऱ्हा पोस्टकार्डांची. माथेरान, पाचगणी, लोणावळा, जिथे जिथे लोक खोल्या देतात तिथल्या मालकांना ते गिऱ्हाईक बनून कार्डं टाकायचे. भाडी काय, सोयी काय, उलट टपाली कळवावे. नुसती भाडी विचारून भागत नसे. त्यांना खाचाखोचा हव्या असत. म्हणून माथेरानच्या एका मालकाला त्यांनी लिहिलं, की बरोबर मातोश्री आहेत, त्यांना जिना चढवत नाही, तळमजल्याची खोली निराळ्या भावाने मिळेल काय. त्या बिचाऱ्याने खोली धरून ठेवली. कुणी आलं नाही. पुढच्या हंगामात अण्णांनी त्यालाच परत कार्ड टाकलं.

एक दिवस कोट-टोपीतले एक गृहस्थ माझ्याकडे उतरले. पाण्याकडे ढुंकूनही बघेनात. बाजेचे पाय हलवून बघत, घागरी मोजत. तिसऱ्या दिवशी निघताना त्यांनी अण्णांचं घर विचारलं. मी घेऊन गेलो. अण्णा दारातच उभे होते.

‘‘मी माथेरानहून आलोय,’’ गृहस्थ म्हणाले. ‘‘मातोश्री कशा आहेत?’’

मला वाटलं आता अण्णा सापडले. अण्णांनी पाय बदलला.

‘‘त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. तळमजल्याचा भाव मात्र तुम्ही चुकीचा लावलात. जिना टाळणारा माणूस जास्त देतो, कमी नाही.’’

ते गृहस्थ हसत सुटले. दोघं संध्याकाळच्या गाडीपर्यंत अंगणात फेऱ्या मारत घोडेवाल्यांपासून ढेकणांपर्यंत सगळ्यावर बोलत होते. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘आमच्याकडे असा माणूस असता तर आम्ही त्याला पगार दिला असता.’’

आम्ही काहीच देत नव्हतो. अण्णा घेतही नसत. त्यांच्या घरात पडवीसकट तीन खोल्या रिकाम्या होत्या, पण त्यांनी एकही कधी भाड्याने दिली नाही. मी एकदा विचारलं तर चिडले. ‘‘मी खोली दिली की माझी बातमी माझ्या खोलीच्या बाजूने वाकणार. तुला वाटतं मी तेवढा चांगला माणूस आहे? अजिबात नाही. म्हणून तर खोली देत नाही.’’

आता मला माझ्याकडे यावं लागेल.

अण्णांनीच एका साली लिहिलं होतं, की मोटारीने येणारे वाढत आहेत. मी ते मनावर घेतलं आणि रस्त्यालगतच्या माझ्या तुकड्यावर चार खोल्यांची बंगली बांधली. शेजारी मोटारींसाठी पत्र्याची शेड, आत पांढऱ्या फरश्यांची न्हाणी. दोन हंगाम बरे गेले. पण मला गावात राहवत नव्हतं. मेव्हणा नाशिकला दुकानात भागी देत होता, मुलांच्या शाळेचाही प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर मला रोज पाहुण्यांची उष्टी भांडी बघून वैताग आला होता. बंगली विकून जायचं ठरवलं.

गिऱ्हाईक घरबसल्या मिळालं. आमच्या रूटवरचा कंडक्टर, मूळचा सोनईचा. नोकरी संपत आली होती. अण्णा ज्या गाडीने राजूरला जात ती बहुधा त्याचीच असे, त्यामुळे अण्णांवर त्याचा फार जीव. ‘‘तिकडं बहात्तरच्या दुष्काळात हिरीनं तळ दावला,’’ तो म्हणायचा. ‘‘आता पाण्याकडं तोंड करून बसायचं हाय मला. लोक येत्याल, जात्याल. तिकीट फाडायचं तसंच हे.’’ भाव ठरला. विसार कधी द्यायचा एवढंच राहिलं होतं.

‘‘दिवाळी करून येतो सोनईला,’’ तो म्हणाला. ‘‘बाजाराच्या दिवशी उतरतो. अण्णांचा फळा बघतो अन् तुमच्या हातावर विसार ठिवतो.’’

‘‘फळा कशाला? अण्णांनाच विचारा की.’’

‘‘तोंडी न्हाई सांगत त्ये. म्हनत्यात, जे सगळ्यांला सांगायचं त्येच तुला.’’

त्र्याहत्तरच्या त्या दिवाळीनंतर पेट्रोलचा भाव एकदम चढला. रेडिओवर सगळ्यांनीच ऐकलं असेल. पण गावात कुणाकडे मोटार नव्हती, त्यामुळे त्याचा आपल्या खोल्यांशी काही संबंध आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. अण्णांच्या आलं.

बाजाराचा दिवस उजाडला. गार होतं, पाण्यावर धुकं होतं. गाव पहिल्या गाडीने राजूरला जायच्या गडबडीत. गाडी थांब्यात, फळ्याच्या आड लागलेली, लोक पलीकडून चढत होते आणि अण्णा भिंतीशी उभे राहून घाईघाईने लिहीत होते. गाडी हलली तसे ते खडू कानावर ठेवून धावत गाडीत शिरले. चहावाल्याची टपरी बाजारामुळे बंद होती. रस्ता रिकामा झाला. मी दात घासत बाहेर आलो आणि रोजच्यासारखा फळा वाचला.

‘पेट्रोल भडकले. मोटारवाले यंदा येणार नाहीत. मोटारींसाठी कुणी नवा खर्च अथवा व्यवहार करू नये. एसटीने येणाऱ्यांसाठी चुली वाढवाव्यात.’

मी परत वाचलं. घरात गेलो. बाहेर आलो. कंडक्टरची गाडी दुपारच्या आत यायची होती. मी स्वतःशी म्हटलं, त्याला तोंडाने सांगू, मग त्याचं तो ठरवील. हे म्हणत असताना माझा पंचा बादलीत भिजत होता. मी तो पिळला आणि फळा पुसला. वरून खाली, कोपऱ्यांसकट, अण्णा पुसायचे तसाच.

कंडक्टर आला. नवा सदरा, हातात मुलांसाठी चिवड्याचा पुडा. थांब्यावर उतरून त्याने फळ्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले. ‘‘कोरा! बघा, द्येवाच्या मनात हाय.’’

मी पेट्रोलचं काही बोललो नाही. विसार घेतला. हिने त्याला जेवू घातलं.

संध्याकाळी बाजारकरी परतले. चहावाल्याने टपरी उघडून चूल पेटवली. कंडक्टर परतीच्या गाडीसाठी थांबला होता, म्हणून आम्ही दोघं तिथेच बाकावर बसलो होतो. अण्णा शेवटच्या गाडीतून उतरले आणि कंडक्टरला बघून आधी खूश झाले.

‘‘बरं झालं भेटलास. वाचलंस ना?’’

‘‘काय वाचायचं? कोरा तर व्हता. दिला की विसार.’’

‘‘कोरा?’’ अण्णा वळले. फळा समोरच होता. चकचकीत, कोरा. ते जवळ गेले. बोट फिरवून बघितलं. बोटाला खडूची पूडही लागली नाही. ‘‘मी सकाळी लिहिलं. पेट्रोलचं लिहिलं.’’

‘‘पेट्रोलचं काय?’’ कंडक्टर उठून उभा राहिला.

अण्णांनी सांगितलं. अगदी शब्दन्शब्द सांगितलं. कंडक्टरचा चेहरा उतरला. पण तो भला माणूस. तो म्हणाला, ‘‘ऱ्हाऊ द्या अण्णा. दिला शब्द तो दिला. तुमच्याकडून ऱ्हायलं आसंल. गाडी सुटत व्हती ना?’’

‘‘राहिलं नाही. लिहिलं.’’

चहावाला कपबश्या विसळत म्हणाला, ‘‘आवो, फडकं मारलं आसंल अन् पळाला असाल गाडीमागं. वय झालं आता. चालायचंच.’’

तो चिडवत बोलला असता तर अण्णांनी त्याला सोडला नसता. तो मायेने बोलला.  अण्णा माझ्यापुढे येऊन उभे राहिले. पाय बदलत नव्हते.

‘‘तू रोज पहिला वाचतोस. सांग यांना. सकाळी होतं ना?’’

टपरीवर आम्ही चौघंच होतो. मी एवढंच म्हणायचं होतं, की होतं. मग फळा पुसला कुणी, हा पुढचा प्रश्न आला असता. विसार माझ्या खिशात होता.

‘‘नाही अण्णा,’’ मी म्हणालो. ‘‘कोराच होता.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, संशयानेही नाही. तिकिटाची मोड परत परत मोजून चुकतेय म्हणून कुणी हातातल्या नाण्यांकडे बघावं, तसं. मग कोट सावरत घरात गेले.

घरी हिने पंचा धुवायला घेतला तर पाणी पांढरं झालं. ‘‘याला खडू कसा लागला?’’ तिने विचारलं. मी म्हणालो, भिंतीला घासला असेल. तिने पंचा दोरीवर टाकला आणि त्यानंतर तो पुन्हा कधी माझ्या हातात दिला नाही.

कंडक्टर बुडाला नाही, हेही सांगतो. अण्णांनी तोंडी सांगितलेल्या बातमीतली चुलींची ओळ त्याने लक्षात ठेवली. मोटारींची शेड उघडी होती, तिथे त्याने ओळीने चुली घातल्या. एसटीने येणारी कुटुंबं स्वतः रांधून खायची आणि खूश असायची. त्याचं चांगलं चाललं. मी वर्षानुवर्षं स्वतःला हेच सांगत आलो, की कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते अण्णांचं. दुसऱ्या दिवसापासून ते बातमी लिहून झाली की मला हाक मारायचे आणि हात धरून फळ्यापुढे उभं करायचे. ‘‘काय लिहिलंय, मोठ्याने वाच.’’ मी वाचायचो. गाडीत चढल्यावर खाली उतरून परत येऊन बघायचे, आणि गाडी निघून जायची. मग राजूरला जाणंच कमी झालं. चहावाल्याला विचारायचे, ‘‘मी मघाशी चहा घेतला का रे?’’ तो बिचारा हसून म्हणायचा, ‘‘न्हाई अण्णा, ह्यो पहिलाच.’’ त्यावर अण्णांचा विश्वास बसत नसे. कारण टपरीवर सगळे आपल्याला सांभाळून घेतात, हे त्यांना कळत होतं. लोक खरंच सांभाळून घेत होते. पुढे पुन्हा कधी फळा कोरा दिसला तर आता त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे मात्र कुणालाच ठरवता येत नव्हतं. खोलीवाले फळा न बघताच व्यवहार करू लागले.

मी त्यांना सांगणार होतो. रोज सांगणार होतो. खरेदीखत झालं की सांगू, असं म्हटलं. ते झालं. मग म्हटलं, नाशिकला जायच्या आदल्या दिवशी सांगू.

त्याच्या आधीच एका सकाळी ते माझ्या दारात आले. कोट घातलेला नव्हता, तेव्हा त्यांचे खांदे किती लहान आहेत ते मला दिसलं. कानावरचा खडू काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

‘‘हे घे. जाईपर्यंत तू लिही. बातमी मी सांगीन. पण लिहायचं तू, आणि लिहिलंय की नाही तेही तूच बघायचं.’’

‘‘मी कशाला, अण्णा? दुसऱ्या कुणालातरी सांगा.’’

‘‘दुसरा कुणी नको,’’ ते म्हणाले. ‘‘त्या दिवशी तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर माझं मन राखायला ‘होतं’ म्हणाला असता. तू नाही म्हणालास. तुला जड गेलं असेल, मला दिसत होतं ना. पण खरं बोललास. मला आता असाच माणूस पाहिजे.’’

मी खडू घेतला. त्यांनी स्वतः फडकं ओलं करून फळा पुसला, वाळेपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘हं. लिही.’’